आठ पेले पाणी आणि तुर्कस्तानची चिमणी

तुम्ही हे डायलिसिसच्या मशीनवर पडल्या पडल्या वाचून राह्यले असाल, तर आधीच सांगते, मी तुम्हाला धीर देणार न्हाई. धीर देणारे मला लई भेटले. प्रत्येकाच्या मावशीला नाहीतर साडूला हाच आजार झाल्ता आणि प्रत्येकाची मावशी कशानं तरी ठणठणीत झाल्ती. कुणी कुठल्या पाल्याचा रस पिऊन, कुणी नारळाचं पाणी पिऊन. किडनीवाल्याला नारळाचं पाणी म्हणजे विष, त्यापायी मी एकदा मरता मरता वाचले. म्हणून म्हणते, कुणाच्या मावशीचं ऐकू नका.

मी जालन्यात मस्तगडला राहते. ब्लाउज शिवते. नाव सविता. म्हणजे आधारकार्डावर सविता, त्याचं पुढं सांगते. नवऱ्याचं नाव मी घेत न्हाई, लिहिताना बी हात धजत न्हाई. मी मालक म्हणते, तुम्ही बी मालकच समजा. मालक नवीन जालन्यात एका बियाणं कंपनीत बी साफ करायची मशीन चालवतात. बोलणं असं त्या माणसाला न्हाईच. काही बी विचारा, 'बघू' म्हणतात. पिंकीला कॉलेजात घालायचं का? बघू. पत्रा गळून राह्यलाय. बघू. बावीस वर्षं मी त्या 'बघू'सोबत संसार केला.

पाय सुजले

लग्नसराई व्हती. दिवसभर मशीनवर बसायचे, कंबर धरली की मेडिकलमधून गोळी आणून खायचे. कागदात बांधून देतात त्या गोळ्या. किती वर्षं खाल्ल्या त्याचा पत्ता न्हाई. मंग पाय सुजायला लागले. सासूबाई म्हणल्या, "पाय लोंबकळत ठेवून बसती, सुजणारच." मंग सकाळी उलट्या सुरू झाल्या, आणि गल्लीतल्या बायांनी बेचाळिसाव्या वर्षी मला दिवस गेलेत असं ठरवून टाकलं. एकीनं तर कैरीच्या फोडी आणून दिल्या. मी लाजेनं पाणीपाणी झाले, पण खाल्ल्या.

डॉक्टरांनी रक्ताचा कागद हातात धरला आणि म्हणाले, क्रिएटिनिन अकरा आलंय. मला वाटलं, पिंकीच्या मार्कासारखं असंल, जास्त आलं की चांगलं. ते म्हणाले, दोन्ही किडन्या गेल्या. इतक्या साध्या आवाजात म्हणाले, जसं मी गिऱ्हाइकाला म्हणते की बाई, अस्तर संपलं.

मालकांनी विचारलं, "मंग?"

"मग काय, आठवड्यातून तीनदा डायलिसिस. जन्मभर. नाहीतर घरातल्या कुणीतरी किडनी द्यायची."

आणि मालक म्हणाले, "बघू."

मला वाटलं, तिथंच भिंतीवर डोकं आपटून घ्यावं. बाहेर आलो. त्यांनी मोटरसायकलला धा-बारा किका मारल्या, गाडी चालू होईना. घाम फुटला त्यांना. शेवटी पानटपरीवाला म्हणाला, "दादा, पेट्रोलचा कॉक बंद हाय की." दिवसभर मशिनी हाताळणारा माणूस. मी ते पाह्यलं, पण तेव्हा मला त्यातून काही कळलं न्हाई. मला माझंच पडल्तं.

चार तास

मंगळवार, गुरुवार, शनिवार. सकाळी आठला वजन करायचं, बेडवर पडायचं, डाव्या हातात दोन सुया. दाभणाएवढ्या जाड. एकीतून रक्त बाहेर जातं, दुसरीतून धुऊन आत येतं. त्या हाताची शीर ऑपरेशन करून फुगवलेली असते. तिच्यावर कान ठेवला की आत घरघर ऐकू येते. ती बंद पडली की सगळंच बंद. म्हणून मी रात्री हात उशाशी घेऊन कान लावूनच झोपायचे.

एक कामाची गोष्ट सांगते, तेवढी घ्या. ब्लाउजची डावी बाही खांद्यापासून दंडापर्यंत उसवा आणि टिचबटणं लावा. सुई टोचताना बाई चारचौघांत उघडी पडत न्हाई. मी माझ्या सगळ्या ब्लाउजांच्या बाह्या उसवल्या. मंग वॉर्डातल्या पाच बायांच्या शिवून दिल्या. एवढं एकच काम त्या वर्षात माझ्या हातून धड झालं.

सुयांपेक्षा तहान वाईट. दिवसाला जेमतेम पाऊण लिटर पाणी, त्यातच चहा, त्यातच वरण. जालन्याचा उन्हाळा आणि पाऊण लिटर! मी नळाच्या आवाजानं रडलेली बाई आहे. शेजारीण सडा मारायची तर मला तिचा राग यायचा. ओल्या मातीकडं बघत उभी राहायचे.

आणि माणसं जायची. समोरच्या बेडवर एक आजोबा यायचे, नर्सला रोज 'हळू टोच गं माय' म्हणायचे. एका गुरुवारी त्या बेडवर दुसरीच बाई. आम्ही विचारलं न्हाई. वॉर्डात तसं विचारत नसतात.

एका शनिवारी मी गेलेच न्हाई. पोटात कळा येऊन राह्यल्यात असं मालकांना खोटं सांगितलं आणि शिवत बसले. मरायचं असं ठरवलं व्हतं का? ठरवलं म्हणजे, आता बास, एवढंच डोक्यात व्हतं. रविवारी दुपारी श्वास बंद झाला. छातीत पाणी भरलं. बुडणारं माणूस कसं करतं तशी मी खाटेवर करून राह्यल्ते. शुद्धीवर आले तेव्हा नर्स, शीलाताई, माझ्या उशाशी उभ्या.

"मरायचं असलं तर सरळ सांगा ताई," त्या म्हणाल्या, "माझ्या ड्युटीत न्हाई मरू देणार. मला रजिस्टर लिहायचा कंटाळा हाय."

मला हसू न्हाई आलं. वाचवलं म्हणून त्यांचा राग आला.

साळवे सर

त्यानंतर शीलाताईंनी माझा बेड त्यांच्या टेबलाजवळ आणला, नजर ठेवायला. शेजारचा बेड साळवे सरांचा. सर आष्टीकडचे, झेडपीच्या शाळेचे हेडमास्तर, नुकतेच रिटायर झालेले. पहाटे उठून परतूरला यायचे, तिथून रेल्वेनं जालन्याला. सहा वर्षं मशीनवर. बायको वारलेली, लेक पुण्याला नोकरीला. लेक किडनी देते म्हणून हटून बसली तर सरांनी तिच्याशी दोन महिने बोलणं सोडलं. मिशा अशा, की पोरं वर्गात मुतत असतील.

पहिल्याच दिवशी बघते तर सर टॅबकडं बघून रडून राह्यलेत.

"काय झालं सर? दुखतंय का?"

"न्हाई ताई. तिनं त्याला सगळं खरं खरं सांगितलं, आणि ह्या गाढवानं ऐकूनच घेतलं न्हाई."

तुर्कस्तानची सिरियल. हिंदीत डब केलेली. मी म्हणलं, सर, तुम्ही हे बघता? सर म्हणाले, "पंचवीस वर्षं पोरांना टीव्ही बघू नका म्हणून हाणलं, त्याचं फळ भोगतोय. खरं सांगू का, हिचा एकेक भाग दोन तासांचा असतो. दोन भाग झाले की मशीन संपतं. दुसरी कुठलीच सिरियल मशीनच्या मापाची न्हाई." आणि त्यांनी हेडफोनचं एक बोंडूक माझ्याकडं दिलं.

गोष्ट अशी. समुद्राकाठी एक दुकान. म्हाताऱ्या दुकानदारानं मरताना निम्मं एका पोरीला ठेवलं, निम्मं आपल्या पुतण्याला. पण अट घातली की दोघांनी लग्न केलं तरच, नाहीतर दुकान सरकारजमा. दोघांचं तर एकमेकांशी हाडवैर. मंग ते खोटं लग्न करतात, दुकानात मधोमध खडूची रेघ ओढतात, आणि दर महिन्याला एक चष्मेवाला सरकारी कारकून बॅग घेऊन तपासायला येतो की हे खरंच नवरा-बायको हायेत का. त्या पोरीचा असा धांदरटपणा, की कारकून आला की तिच्या हातून काहीतरी फुटलंच. त्यांची नावं आमच्या तोंडात बसेनात. सरांनी त्या उंचपुऱ्या हिरोला 'पाटील' नाव ठेवलं आणि मी त्या पोरीला 'चिमणी'.

मी प्रेमात पडले. दुसरा शब्द न्हाई माझ्याकडं. चिमणीनं कारकुनासमोर पाटलाच्या अंगावर रस्सा सांडला, तेव्हा मी इतकी हसले की मशीन ठणाणा वाजायला लागलं आणि शीलाताई पळत आल्या. आठ महिन्यांत मी पहिल्यांदा हसल्ते. हसून झाल्यावर रडू आलं ते वेगळं.

सरांचा एक कडक नियम व्हता. "घरी बघायचं न्हाई. घरी बघितलं तर इथं यायला काय कारण राहील?" मी शब्द दिला. शनिवारी भाग अशा जागी तुटायचा, की मंगळवारपर्यंत जीव खालीवर. पुन्हा मशीन चुकवायचा विचार मनात यायचा, न्हाई असं न्हाई. पण मंगळवारी पाटील दार उघडतो का न्हाई ते बघायचं असायचं. मंग गुरुवारी बघू, असं म्हणून मी मरण पुढं ढकलत गेले.

त्या सिरियलीत माणसं सारखी चहा पितात. भांडण झालं की चहा, मिटलं की चहा. छोटे छोटे काचेचे पेले, कमरेत बारीक. मी घरी सहज म्हणलं, तसले पेले असते तर पाणी मापात पिता आलं असतं. मालक म्हणाले, "बघू." पुढच्या रविवारी सदर बाजारातनं तसले सहा पेले घेऊन आले. एक आल्या आल्या माझ्याच हातून फुटला. मोजून बघितलं, दिवसाचे आठ पेले बसत व्हते. घोट घोट घेतला की आठ पेले पुष्कळ वाटतात. हे बी लिहून ठेवा.

वाटोळं

सिरियलनं मला वाचवलं, असं लिहून मोकळी झाले असते. पण खरं लिहायचं तर त्या सिरियलनं माझं वाटोळं बी केलं. पाटील बंदराच्या धक्क्यावर उभा राहून चिमणीला अर्धा तास सांगतो की ती हसताना कशी दिसते, रागावल्यावर कशी दिसते. आणि मी घरी येते तर घरात एक माणूस बिनबोलता भाकरी मोडून राह्यलाय. बावीस वर्षांत त्यांनी मला नावानं हाक मारली न्हाई. पिंकीची माय, नाहीतर 'ऐकलं का'. मला त्या माणसाची किळस यायला लागली. लिहिताना लाज वाटते, पण आली.

कारण तेव्हा किडनीचं चालू व्हतं. लेकरांचं मी ऐकूनच घेतलं न्हाई. आईला शुगर. भाऊ म्हणाला, ताई, माझी घे. चार तपासण्या झाल्या आणि त्याच्या बायकोनं माहेर गाठलं. भावानं फोन उचलणं सोडलं. मी त्याला दोष देत न्हाई. खोटं कशाला बोलू, देते. राखीला त्यानं साडी पाठवली, ती मी नेसले न्हाई.

राहिले मालक. रक्तगट जुळत व्हता. सासूबाई उंबऱ्यात बसून म्हणल्या, "कमावता गडी हाय. त्याला चिरून ठेवता का? बाईमाणसाचं काय, चाललंय तसं चालतंय." मी मालकांकडं बघितलं. मालक म्हणाले, "बघू."

त्या वर्षात आमच्या वॉर्डातून दोघं सुटले, दोघं बी बाप्ये. एकाला बायकोनं दिली, एकाला मायनं. मी शीलाताईंना विचारलं, हितल्या एखाद्या बाईला नवऱ्यानं दिलीय का हो? त्या रजिस्टर चाळत बसल्या.

त्या दिवशी मी घरी येऊन मालकांना म्हणलं, "तुम्ही माणूस हाय का दगड? न्हाई द्यायची तर न्हाई म्हणा. मी मोकळी तरी होईन." ते चप्पल घालून बाहेर गेले. मी पाण्याच्या माठासमोर बसले आणि सलग चार पेले पिले, सूड म्हणून. सूड कुणावर, तर स्वतःवर. पुढच्या वारी मशीनवर पायात असे गोळे आले की मी बोंबलले.

खिसा

दिवाळीच्या आधी मालकांच्या पॅंटचा खिसा उसवला व्हता, तो शिवायला घेतला. त्यांच्या खिशात कायम तंबाखूचा चुरा असतो, मी आधी खिसा उलटा करून झटकते, मंग शिवते. उलटा केला तर कोरा. चुन्याची डबी न्हाई, वास बी न्हाई. दुसऱ्या पॅंटी काढल्या. सगळे खिसे कोरे.

"तंबाखू सोडली का?"

"हां."

"कवा?"

"झाले तीन-साडेतीन महिने."

"कशापायी?"

मालक खाली बघून म्हणाले, "संभाजीनगरच्या डॉक्टरनं सांगितलं व्हतं. द्यायची असंल तर आधी तीन महिने तंबाखू सोडून दाखव. मंग पुढच्या तपासण्या."

"मंग मला सांगायला काय झाल्तं?"

"सुटली नसती तर?"

मी त्या पॅंटीत तोंड खुपसून रडले. हा माणूस वयाच्या पंधराव्या वर्षापासून तंबाखू खायचा. मी शंभर शपथा घातल्या व्हत्या, सुटली न्हाई. आणि मी साडेतीन महिने ह्या माणसाला दगड म्हणून राह्यल्ते. सासूबाईंना त्यांनी एवढंच सांगितलं, "माय, मी देणार हाय." सासूबाई चार दिवस जेवल्या न्हाईत. पाचव्या दिवशी जेवल्या.

कागद

किडनी नवरा-बायकोत द्यायची तरी एक समिती बसते. विकत तर घेतली न्हाई ना, हे खरंच नवरा-बायको हायेत ना, असं विचारतात. लग्नाचे फोटो मागतात, कागद मागतात, कॅमेरा लावून सवाल करतात. मी सरांना सांगितलं, तर सर उताणे पडून हसायला लागले. "ताई, म्हणजे चष्मेवाला कारकून तुमच्याकडं आला!"

हसायचं काम नव्हतं. चिमणीचं लग्न खोटं, पण तिच्याकडं सगळे कागद व्हते. आमचं लग्न खरं, आणि कागद एक न्हाई. नोंदणी केलीच नव्हती, आमच्यात तेव्हा कोण करत व्हतं? अल्बम गळक्या पत्र्याखाली भिजून त्याची वीट झाल्ती. दोन फोटो सुटे निघाले. एकात आमच्या दोघांच्या मधे अंतरपाट, दुसऱ्यात मालकांचं डोकं कापलेलं.

आणि सगळ्यात मोठं त्रांगडं म्हणजे नाव. माहेरचं माझं नाव कुसुम. शाळेच्या दाखल्यावर कुसुम. पण सासरी थोरल्या जाऊबाई आधीच कुसुम व्हत्या. एका घरात दोन कुसुम कशा चालतील? म्हणून लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहिलं, सविता. लिहितो नवराच. माझी मान खाली, डोळ्यांवर मुंडावळ्या, मी ते अक्षर पाह्यलं बी न्हाई. घरी आल्यावर लोक सविता म्हणायला लागले, मंग मी सविता. आता समितीचे लोक विचारणार, कुसुम कोण, सविता कोण? मेलेल्या कुसुमच्या जागी ही दुसरी बाई तर न्हाई ना? नोटरीचा कागद केला, माहेरच्या सरपंचाचा दाखला आणला, तरी तोंडी सवाल होणारच.

सरांनी मला सिरियलीतले सवाल लिहून दिले. पाटलाला कारकून विचारतो, हिच्या चहात साखर किती? तो म्हणतो, दोन चमचे, रडली तर तीन. मी घरी मालकांना समोर बसवलं.

"माझा आवडता रंग कोणता?"

विचार करून म्हणाले, "...लाल?"

"जन्मतारीख?"

"आधारवर हाय की."

"मला काय खायला आवडतं?"

"आता तर तुला काही खाताच येत न्हाई."

मी वही फेकली. ज्या कारकुनाला खोट्या नवऱ्यानं गप्प केलं, त्याच्यापुढं माझा खरा नवरा नापास होणार व्हता. आणि हा नापास झाला तर मी मरणार व्हते, इतकं सरळ व्हतं ते.

कॅमेरा

संभाजीनगरला एका खोलीत पाच जण टेबलामागं बसल्ते. तिपाईवर कॅमेरा. मला भिंतीकडच्या खुर्चीवर बसवलं आणि बोलायचं न्हाई म्हणून ताकीद दिली. मधल्या बाई साहेब म्हणाल्या, "कागदांवर दोन नावं आहेत. ही एकच बाई, आणि ती तुमचीच बायको, हे आम्ही कशावरून मानायचं? हिच्याबद्दल काही सांगा."

कॅमेऱ्याचा लाल दिवा चालू. मी मनात म्हणलं, लाल तरी म्हणा, काहीतरी म्हणा.

मंग ते बोलायला लागले. टेबलाकडं बघून, हळूहळू.

"ती आठ पेले पाणी पिते. नववा चोरून पिते. दुपारी मी आडवा झालो, की माठाचं झाकण पदरात धरून काढते, वाजू नये म्हणून. मी डोळे मिटून पडतो. मशीनला जाताना शेहेचाळीस किलो भरते, आली की चव्वेचाळीस. डाव्या हातानं काही उचलत न्हाई, तरी शिलाई मशीनची सुई डाव्याच हातानं ओवते, मी किती बार सांगितलं. त्या हातावर कान ठेवून झोपते, आत चालू हाय का ऐकायला. ती झोपली की मी बी ऐकतो."

खोलीत कुणी काही लिहून राह्यलं नव्हतं. बाई म्हणाल्या, "आणि नाव?"

"कुसुम."

बावीस वर्षांत पहिल्यांदा मी त्यांच्या तोंडून ते ऐकलं. मी खुर्चीचा दांडा घट्ट धरला.

"मला तेच आवडलं व्हतं. तांदळात मी आधी 'कु' काढला व्हता. मायनं माझा हात धरला, तांदूळ सारखा केला आणि सविता लिही म्हणली. तेव्हा मी काय बोलणार? पण हाक मारताना सविता तोंडातून निघंना, आणि कुसुम म्हणायची सोय नव्हती. मंग मी नावच घेतलं न्हाई."

शेवटी एका डॉक्टरांनी विचारलं, "किडनी का देताय?"

"दोन हायेत म्हणून," मालक म्हणाले.

आम्ही पास झालो. तारीख मिळाली. जालन्याला आल्यावर मी सरांना सगळं सांगितलं तर ते मिशा पुसत बसले. सिरियलचा शेवटचा एकच भाग राहिला व्हता. सर म्हणाले, "हा ठेवू. तुम्ही बऱ्या होऊन या, मी इथंच असणार हाय. तुम्ही स्टुलावर बसा, माझ्यासमोर दोन कप चहा प्या, मंग बघू."

नकार

ऑपरेशनच्या दोन दिवस आधी शेवटची रक्ताची तपासणी असते. आधीच्या तपासणीत सगळं ठीक व्हतं. मधे माझं रक्त कमी झाल्तं म्हणून दोन बाटल्या चढवल्या व्हत्या. डॉक्टरांनी आम्हाला दोघांना आत बोलावलं. म्हणाले, "जुळत नाही. तुमच्या शरीरानं त्यांच्याविरुद्ध तयारी करून ठेवलीय. दोन बाळंतपणांपासून ती थोडी होतीच, रक्त चढवल्यानं जागी झाली. ही किडनी बसवली, तर तुमचं रक्त तिला तासाभरात नासवून टाकील."

म्हणजे लेकरं पोटात असताना माझ्या रक्तानं ह्या माणसाला ओळखून ठेवलं व्हतं, आणि आता तेच त्याला घरात घेत नव्हतं. मी म्हणलं, डॉक्टर, पुन्हा तपासा. त्यांनी दोनदा तपासलं व्हतं. मी त्यांच्या टेबलावर डोकं ठेवून ओरडले. काय ओरडले ते आठवत न्हाई, मालक सांगत न्हाईत.

डॉक्टर म्हणाले, यादीत नाव टाकू. असंच न जुळणारं दुसरं एखादं जोडपं सापडलं तर त्यांच्यात आणि तुमच्यात अदलाबदल करता येते. कधी सापडेल सांगता येत नाही. तोवर मशीन. आणि तुम्ही तंबाखूला हात लावू नका.

मालक म्हणाले, "बघू." आणि यादीच्या फॉर्मवर आधी स्वतःची सही करून पेन माझ्याकडं दिलं. मी 'सविता' लिहिलं. त्यांनी बोट ठेवून त्याच्या बाजूला 'उर्फ कुसुम' लिहायला लावलं.

पहिला भाग

मंगळवारी मी पुन्हा त्याच बेडवर. शीलाताईंनी सुई टोचली, त्यांचे डोळे लाल व्हते. सरांनी टॅब माझ्याकडं सरकवला. शेवटच्या भागाला मी नको म्हणलं. तो बघितला असता तर पुढच्या मंगळवारी काय बघायचं? सर म्हणाले, "मंग पहिल्यापासून," आणि पहिला भाग लावला.

मालक नेहमी मला खालीच सोडून कंपनीत जायचे, वॉर्डात कधी येत नव्हते. त्या दिवशी आले. कंपनीत रजा टाकून आल्ते. स्टूल ओढून माझ्या उजव्या बाजूला बसले आणि टॅबकडं बघायला लागले. सरांनी हेडफोन काढून आवाज बारीक सोडला. समुद्र, दुकान, आणि आमची पोरगी हातातल्या पेट्या पाडत धावत येते.

"हिचं नाव काय?" मालकांनी विचारलं.

"चिमणी," मी म्हणलं.

"असलं कसं नाव? तुर्कस्तानची हाय ना?"

सर म्हणाले, "खरं नाव नेर्मिन हाय हो. आमच्या तोंडात बसंना, म्हणून आम्ही चिमणी ठेवलं."

मालकांनी ते नाव दोनदा तोंडातल्या तोंडात म्हणून बघितलं. मंग माझ्या हाताकडं, सुयांकडं बघत म्हणाले, "चांगलं हाय की नाव. कशाला बदललं?"